लोकरीचा लहान गळपट्टा

इंदूरच्या राजवाड्यापासून पश्चिमेस गेले म्हणजे बडा गणपतीचे मंदिर लागते. विटा, चुना, गूळ, मेथी आणि तीर्थक्षेत्रांची माती यांपासून घडविलेली तेथील मूर्ती सुमारे 25 फूट उंच आहे. तिला तूप आणि शेंदूर यांचा चोळा चढवावयाचा म्हणजे कित्येक दिवसांचे काम. पुण्याच्या सारसबागेतील गणपती त्या मानाने अगदी लहान. त्याला थंडीत लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. देवालाही आपल्यासारखीच थंडी वाजते ही भावना फार जुनी; मात्र तिने धारण केलेला हा सुयांवर विणलेला वेष अगदी अलीकडचा होय.

वास्तविक इंदूरला लोकरीचे नाते परके नाही. ज्या मल्हारराव होळकरांनी या राज्याचा पाया घातला, ते 1693 मध्ये नीरेकाठच्या होळ गावी एका धनगर कुटुंबात जन्मले. धनगरांच्या घरी लोकर कातली जाई आणि मागावर तिची घोंगडी होत. पाऊस, वारा, थंडी सारे सोसणारे हे वस्त्र. परंतु दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तान्ह्या मुलाच्या गळ्याला ती टोचावयाचीच. शिवाय माग म्हणजे उभे आणि आडवे असे दोन धागे. एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंतवून, दोन सुयांवर कापड उभे करण्याची विद्या वेगळी आहे. तिचे सर्वांत जुने नमुने म्हणून इजिप्तमधील सुती पायमोजे दाखवितात. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मानतात. मराठीने या नव्या विद्येसाठी नवे क्रियापद घडविले नाही. टोपली, खाट, जाळे, लुगडे आणि स्वेटर ही सारी आपण ‘विणतो’. भाषेचा हा काटकसरीपणा गोड असला तरी इतिहास शोधणाऱ्याची त्यामुळे थोडी पंचाईत होते.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मिशनरी स्त्रियांच्या शाळांतून. पण शाळेत शिकलेले हात घरी रिकामे राहिले असते, जर मऊ लोकर बाजारात मिळाली नसती. 1876 मध्ये कानपूरला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पंजाबात धारीवालला लोकरीच्या गिरण्या निघाल्या. पुढे कानपूरची ‘लाल इमली’ घरोघरी परिचित झाली.

शिकणाऱ्या मुलीच्या हातून प्रथम उतरतो तो गळपट्टा, म्हणजेच मफलर. त्याला बाही नाही, गळा नाही, मापाची कटकट नाही. म्हणूनच तो पहिली भेटवस्तूही होतो. मात्र या साध्या भेटीला राजघराणेही मोठे समजत असे. बोअर युद्धात, 1900 मध्ये, व्हिक्टोरिया राणीने वृद्धापकाळी स्वतःच्या हाताने, आकड्याच्या सुईवर खाकी लोकरीचे गळपट्टे केले. ते आठच होते आणि निवडक शिपायांना दिले गेले. पदकापेक्षाही त्यांचे अप्रूप अधिक ठरले.

आपल्या देशाची कसोटी 1962 मध्ये लागली. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि हिमालयातील चौक्यांवर आपले कितीतरी जवान उन्हाळी सुती गणवेशात उभे आहेत हे कळताच देशभर स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. 21 नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. सारे युद्ध महिनाभराचे. घरकाम सांभाळून एक स्वेटर पुरा करावयास तेवढेच दिवस लागतात. मफलर तीन-चार संध्याकाळींत उतरतो. स्वेटर अधिक उपयोगी हे खरे. पण बर्फात उभ्या असलेल्या माणसाला उद्या मिळणाऱ्या स्वेटरापेक्षा आज मिळालेला मफलर मोलाचा. युद्ध थांबले तरी थंडी थांबली नव्हती, म्हणून सुयाही थांबल्या नाहीत.

हा हिशेब आजही तसाच आहे. लहान मुलासाठी आठ नंबरच्या सुयांवर 30 टाके घालावेत. रुंदी सुमारे सहा इंच होते. दोन्ही बाजूंनी केवळ सुलट विणत गेल्यास कडा वळत नाहीत. 30 इंच लांबीसाठी 300 ओळींच्या आसपास, म्हणजे नऊ हजार टाके. मिनिटाला वीस टाके घालणाऱ्या हाताला साडेसात तास. 50 ग्रॅमचे एक-दोन गुंडे पुरतात. शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवावा. नाही तर ते टोक आखडते आणि गळपट्टा एका बाजूने अरुंद दिसतो.