ग्रिनेलचे माजी विद्यार्थी आणि एक डुकराचे पिलू

स्मरणिका समितीने मला 'नामवंत माजी विद्यार्थी' हा विषय दिला. आपल्या बॅचची यादी करायला बसले आणि तिसऱ्या नावावरच अडले. नामवंत कोणाला म्हणायचे? त्यावरून मला बारा वर्षांपूर्वी पाहिलेले एक छोटे कॉलेज आठवले. समितीच्या परवानगीने त्याच्याबद्दलच लिहिते आहे.

कंपनीच्या कामासाठी मी तेव्हा अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेमॉइन शहरात होते. एका रविवारी सहकाऱ्यांबरोबर तासाभराच्या अंतरावरच्या ग्रिनेल गावी गेले. दोन्ही बाजूंना मक्याची शेते, आणि मधेच हे गाव आणि ग्रिनेल कॉलेज. भाषा, इतिहास, गणित, विज्ञान, संगीत सगळे एकाच छताखाली शिकवणारे. इंजिनिअरिंगची पदवी मात्र तिथे मिळत नाही.

कॉलेजची स्थापना 1846 सालची, मिसिसिपीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावातली. पुढे दहा-बारा वर्षांनी ते ग्रिनेलला आले. आपल्याकडच्या प्राचार्यांच्या जागी तिथे अध्यक्ष असतात. पहिले अध्यक्ष जॉर्ज मगून. त्यांच्या कारकिर्दीत, 17 जून 1882 रोजी, चक्रीवादळाने कॉलेजच्या इमारती भुईसपाट केल्या. कॉलेज बंद पडले नाही, पुन्हा उभे राहिले. दहाच वर्षांनी, 1892 मध्ये, अध्यक्ष जॉर्ज गेट्स यांच्या काळात तिथून एक जपानी विद्यार्थी पदवीधर झाला. अमेरिकेत स्वयंपाक आणि घरकाम करत शिकलेला हा सेन कातायामा पुढे जपानच्या कामगार चळवळीचा मोठा नेता झाला. 1933 मध्ये मॉस्कोत वारल्यावर त्याला क्रेमलिनच्या भिंतीपाशी जागा मिळाली.

यादी पुढेही अशीच आहे. 1912 चा हॅरी हॉपकिन्स. महामंदीत लाखो बेकारांना काम देणारी सरकारी योजना त्याने चालवली, आणि युद्धकाळात तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा उजवा हात होता. बेकार नटांसाठी 1935 मध्ये नाट्ययोजना काढायची ठरली, तेव्हा त्याने हॅली फ्लॅनगन या आपल्या कॉलेजच्याच मैत्रिणीला बोलावले. ती त्याच्या एक वर्ष पुढे होती. 1914 चा जोसेफ वेल्च हा वकील. सिनेटर मॅकार्थीला 1954 च्या सुनावणीत भर सभागृहात, टीव्हीवर सारा देश पाहत असताना, त्याने शरमेबद्दल जाब विचारला. जॅझ संगीतकार हर्बी हॅनकॉकही इथलाच.

पण मी थांबले ते रॉबर्ट नॉइस या नावापाशी. 1959 मध्ये त्याने सिलिकॉनच्या एका तुकड्यावर सगळे सर्किट बसवण्याची रीत शोधली. त्याच्या आदल्या वर्षी जॅक किल्बीने वेगळ्या पद्धतीने तसेच सर्किट करून दाखवले होते, म्हणून दोघांनाही श्रेय देतात. 1968 मध्ये नॉइसने गॉर्डन मूरबरोबर इंटेल कंपनी काढली. माझी रोजीरोटी, तुमच्या खिशातला मोबाईल, आपल्या बॅचचा रात्री दोनपर्यंत चालणारा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळे त्या तुकड्यावर उभे आहे.

हा नॉइस 1948 मध्ये कॉलेजातून जवळपास हाकलला गेला होता. वसतिगृहातल्या मुलांनी हवाई बेटांच्या धर्तीची मेजवानी ठरवली. त्यासाठी नॉइस आणि त्याच्या मित्राने रात्री शेजारच्या शेतावरून अकरा-बारा किलोचे डुकराचे पिलू पळवले. मेजवानी झाली. दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागले, म्हणून दोघे स्वतःच कबूल करायला आणि पैसे द्यायला गेले. शेत निघाले गावाच्या महापौराचे! आयोवा शेतकऱ्यांचे राज्य. तिथे जनावर चोरणे हा गंभीर गुन्हा, शिक्षा किमान एक वर्ष कैद आणि हजार डॉलर दंड.

तेव्हा दोन माणसे मधे पडली. एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल, दुसरे अध्यक्ष सॅम्युएल स्टीव्हन्स. पिलाची भरपाई झाली, पोलीस केस टळली. मात्र एका सत्रासाठी मुलाला काढून टाकले. शिक्षा माफ केली नाही, आयुष्यही मोडू दिले नाही. ते सत्र नॉइसने न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीत आकडेमोड करत काढले आणि 1949 च्या सुरुवातीला परत आला.

ट्रान्झिस्टरचा शोध तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. तो लावणाऱ्या तिघांपैकी जॉन बार्डीन हे गेल सरांच्या जुन्या ओळखीचे, आणि तो शोध जिथे लागला त्या बेल प्रयोगशाळेचे प्रमुख ऑलिव्हर बकली हे ग्रिनेलचेच माजी विद्यार्थी. त्यामुळे मोठमोठ्या विद्यापीठांच्या आधी हा विषय मक्याच्या शेतांमधल्या या वर्गात पोचला, आणि समोर बाकावर नॉइस होता. महापौराने हट्ट धरला असता, तर तो कदाचित तुरुंगात असता.

आता आपल्या शाळेकडे येते. नववीत प्रयोगशाळेतला नवा मल्टिमीटर जळाला होता, आठवतो? तो मी जाळला. रोध मोजायच्या खुणेवर ठेवून तारा थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये घातल्या. आठवडाभर गप्प राहिले, मग रडत विज्ञानाच्या सरांकडे गेले. सरांनी डेडस्टॉक रजिस्टर काढले, 'वापरात निकामी' असे लिहून खाली सही केली. मग मला दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा आवरायला लावली, पूर्ण सत्र. त्या शनिवारांतच मी रेडिओ उघडून पाहिला, सोल्डरिंग शिकले. इंजिनिअरिंगला मी का गेले, असे कोणी विचारले तर खरे उत्तर ते रजिस्टर आहे.

ग्रिनेलमध्ये विज्ञानाच्या इमारतीला नॉइसचे नाव आहे. तिथली वेधशाळा मात्र ग्रँट गेल यांच्या नावाने आहे, हे मला फार आवडले. म्हणून समितीला विनंती: नामवंतांची यादी जरूर छापा. पण प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना ठेवा, 'चुकलो तेव्हा कोण उभे राहिले'. माझा रकाना मी भरला आहे. सर, तुम्ही मेळाव्याला येणार आहात असे कळले. मल्टिमीटर घेऊन येते आहे, नवा.