नियम आणि वेग : मेलबर्न १९५६ मधील पुरुषांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यत

प्रस्तावना

आधुनिक क्रीडा इतिहासाच्या अभ्यासात विजेते आणि विक्रम यांच्या नोंदींना सहसा अग्रस्थान दिले जाते. ज्या नियमांच्या चौकटीत हे विक्रम घडतात, त्या नियमांच्या इतिहासाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. जलतरणाच्या फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय व ब्रेस्टस्ट्रोक या चार प्रकारांपैकी ब्रेस्टस्ट्रोक हा सर्वांत जुना आणि सर्वांत संथ प्रकार होय. त्याची संथता काही अंशी मानवी शरीराच्या रचनेतून आली आहे, तर बऱ्याच अंशी ती नियमांनी जाणीवपूर्वक राखलेली आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील पुरुषांच्या २०० मीटर शर्यतीच्या आधारे नियम आणि वेग यांच्यातील या संघर्षाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९०८ साली लंडन ऑलिंपिकच्या वेळी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाची, म्हणजेच 'फिना'ची स्थापना झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यत घेण्यात आली व ब्रिटनच्या फ्रेडरिक होल्मन याने ती ३ मिनिटे ९.२ सेकंदांत जिंकली. पुढे १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जपानच्या योशियुकी त्सुरुता याने जर्मनीच्या एरिख राडेमाखर याला मागे टाकून सुवर्णपदक मिळविले आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याची पुनरावृत्ती केली. या प्रकारातील जपानच्या दीर्घ परंपरेचा तो आरंभ होता.

त्या काळातील नियमांनी दोन्ही हातांची व दोन्ही पायांची हालचाल एकाच वेळी आणि समान असावी, असे बंधन घातले होते. हात पुढे नेताना ते पाण्याखालूनच न्यावेत, असे मात्र नियमात स्पष्ट म्हटलेले नव्हते. या त्रुटीचा लाभ घेऊन काही जलतरणपटू हात पाण्यावरून फेकू लागले. याच सुमारास अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि जलतरणपटू जॅक सीग यांनी दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीप्रमाणे हलविण्याची पद्धत विकसित केली. पायांची ही हालचाल ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मान्य झाली नाही, तथापि हातांची नवी पद्धत झपाट्याने रूढ झाली. १९४८ मध्ये अमेरिकेचा जोसेफ व्हर्ड्यूर आणि १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिस हे दोन्ही विजेते याच पद्धतीने पोहले. शर्यतीचे नाव ब्रेस्टस्ट्रोक असले, तरी मूळ ब्रेस्टस्ट्रोक त्यातून जवळजवळ हद्दपार झाला होता.

अखेर १९५२ च्या ऑलिंपिकनंतर 'फिना'ने बटरफ्लाय हा स्वतंत्र प्रकार म्हणून वेगळा केला. त्यामुळे मेलबर्न येथे या दोन्ही प्रकारांच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्वतंत्रपणे झाल्या. पारंपरिक ब्रेस्टस्ट्रोकला त्याचे हक्काचे स्थान परत मिळाले, असे तेव्हा मानले गेले.

मेलबर्नची शर्यत

हात पाण्यावर आणण्याची वाट बंद झाली, परंतु पाण्याखालची वाट मोकळीच राहिली. पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना शरीरापुढे लाटा निर्माण होतात व त्या निर्माण करण्यात जलतरणपटूची बरीच शक्ती खर्च होते. पुरेशा खोलीवर गेल्यास हा अवरोध कमी होतो. शिवाय श्वासासाठी डोके वर काढावे लागत नसल्याने शरीर सरळ रेषेत राहते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यातूनच पुढे न्यावे लागत असल्याने, या प्रकारात पाण्याखाली राहण्याचा लाभ विशेष जाणवतो.

जपानच्या मासारु फुरुकावा याने हे तंत्र पूर्णत्वास नेले. पन्नास मीटर लांबीच्या तलावात पहिल्या तीन फेऱ्यांमध्ये शेवटचे सुमारे पाच मीटर वगळता तो पाण्याखालीच राहिला. चौथ्या फेरीतही निम्मे अंतर त्याने पाण्याखालून कापले. २ मिनिटे ३४.७ सेकंद ही वेळ नोंदवून त्याने सुवर्णपदक पटकाविले. त्याचाच देशबांधव मासाहिरो योशिमुरा दुसरा, तर सोव्हिएत संघाचा खारिस युनिचेव्ह तिसरा आला.

या स्पर्धेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पृष्ठभागावर पोहत असताना मधूनमधून पाण्याखाली जाऊन दीर्घ अंतर कापल्याबद्दल सहा जलतरणपटू अपात्र ठरविण्यात आले. फुरुकावा मात्र सुरुवातीच्या उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर वर आलाच नाही. एकदा वर आल्यावर पुन्हा खाली जाणे नियमबाह्य होते, परंतु वरच न येणे नियमबाह्य नव्हते. एकाच लाभाच्या मागे लागलेल्यांपैकी काही बाद झाले आणि एक विजेता ठरला. हा भेद क्षमतेचा जितका होता, तितकाच नियमाच्या शब्दांचाही होता. फुरुकावाने नियम मोडला, असे म्हणता येत नाही. त्याने नियमाचे अत्यंत काटेकोर वाचन केले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते.

नियमबदल व त्याचे परिणाम

पाण्याखालील पोहण्याचा प्रसार होऊ लागताच त्यातील धोकेही स्पष्ट झाले. दीर्घकाळ श्वास रोखल्यामुळे शरीराला प्राणवायू अपुरा पडे व काही जलतरणपटू शर्यतीतच शुद्ध हरपत. प्रेक्षकांच्या दृष्टीनेही स्पर्धक दिसत नसलेली शर्यत निरर्थक होती. परिणामी, मेलबर्ननंतर 'फिना'ने पाण्याखालील अंतरावर मर्यादा घातली आणि डोके पृष्ठभागावर ठेवणे बंधनकारक केले.

या बदलाचा परिणाम आकड्यांतून स्पष्ट होतो. १९५२ मध्ये डेव्हिसने बटरफ्लायच्या हातांनी २ मिनिटे ३४.४ सेकंद अशी वेळ दिली होती. फुरुकावाची पाण्याखालील वेळ त्याहून अवघ्या ०.३ सेकंदाने अधिक होती. १९६० मध्ये रोम येथे अमेरिकेचा विल्यम मलिकेन विजेता ठरला, तेव्हा त्याला २ मिनिटे ३७.४ सेकंद लागले. क्रीडाप्रगती ही सतत चढती रेषा असते, हा समज येथे खरा ठरत नाही. चार वर्षांनंतरचा विजेता आधीच्या विजेत्यापेक्षा संथ होता, कारण दोघांना दिलेली शर्यतच वेगळी होती. पुढे १९६४ मध्ये टोकियो येथे ऑस्ट्रेलियाच्या इयान ओब्रायनने २ मिनिटे २७.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला व नव्या नियमांच्या चौकटीतही वेगाला वाव असल्याचे सिद्ध केले.

संघर्षाची पुनरावृत्ती

मेलबर्नचा प्रश्न तेथेच संपला नाही. २००४ मध्ये अथेन्स येथे १०० मीटर शर्यतीत जपानच्या कोसुके किताजिमाने अमेरिकेच्या ब्रेंडन हॅन्सनला ०.१७ सेकंदाने मागे टाकले, तेव्हा पाण्याखाली बेकायदा डॉल्फिन किक मारल्याचा आक्षेप अमेरिकन संघातून घेण्यात आला. निकाल कायम राहिला, परंतु २००५ मध्ये 'फिना'ने उडीनंतर व वळणानंतर अशी एक किक अधिकृत केली. २०१२ मध्ये लंडन येथे दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने ५८.४६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर एकापेक्षा अधिक किक मारल्याची जाहीर कबुली दिली. पाण्याखाली काय घडते हे पंचांना काठावरून दिसत नाही आणि इतर स्पर्धकही तेच करतात, अशा आशयाचे समर्थन त्याने केले.

फुरुकावा व व्हॅन डर बर्ग यांच्यातील फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्याने नियमातील मौनाचा उपयोग केला, तर दुसऱ्याने अंमलबजावणीतील उणिवेचा. पहिल्या प्रसंगी नियम अपुरा होता व दुसऱ्या प्रसंगी पंचांची दृष्टी. दोन्ही प्रसंगी किंमत मोजावी लागली ती नियमाचा हेतू ओळखून पृष्ठभागावर पोहणाऱ्या किंवा एकाच किकवर समाधान मानणाऱ्या स्पर्धकाला, ज्याचे नाव पदकांच्या यादीत आढळत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की ब्रेस्टस्ट्रोक ही निसर्गदत्त शैली नसून नियमांनी घडविलेली व नियमांनीच जपलेली शैली आहे. वेगाच्या शोधातून प्रत्येक पिढीने तिच्या सीमा ओलांडल्या. कधी त्या सीमोल्लंघनातून बटरफ्लायसारखा नवा प्रकार जन्मला, कधी पाण्याखालील पोहण्याप्रमाणे ते निषिद्ध ठरले, तर कधी डॉल्फिन किकप्रमाणे मर्यादित स्वरूपात स्वीकारले गेले. कोणता नवोपक्रम स्वीकारावा आणि कोणता नाकारावा, याचा निर्णय वेग करीत नाही. तो त्या खेळाविषयी समाजाने बाळगलेली कल्पना करते. म्हणूनच विक्रमांच्या तक्त्याशेजारी नियमांचा इतिहास ठेवून वाचल्याशिवाय त्या विक्रमांचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही. मेलबर्नमधील २ मिनिटे ३४.७ सेकंद हा आकडा त्याचीच साक्ष देतो.