हरलेल्या संघाचा हंगाम

यंदा कारंज्यांतील आमच्या कॉलेजच्या कबड्डी-संघाचा हंगाम पहिल्याच सामन्यांत आटोपला. तें ऐकून एका सुविद्य गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "जो संघ कधीं जिंकत नाहीं, त्याच्या पायीं वेळ आणि पैसा कां दवडावा?" प्रश्न व्यवहारी खरा, परंतु त्याचें उत्तर इतिहासांत शोधलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

कॉलेजांतील पोरांनींच एक खेळ घडविला, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत फुटबॉलचा सामना झाला व रटगर्सनें तो ६-४ असा जिंकला. त्या वेळचा तो खेळ पायानें चेंडू मारण्याचा होता. पुढें चेंडू कवटाळून प्रतिपक्षाच्या गर्दींत घुसण्याची रीत पडली, आणि १९०५ च्या एकाच हंगामांत सुमारें १८ खेळाडू प्राणास मुकले. खेळ बंदच करावा अशी ओरड झाली. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस बोलावून कानउघाडणी केली. १९०६ मध्यें चेंडू पुढें फेकण्यास मुभा मिळाली आणि गर्दीच्या रेट्याबरोबर कौशल्यासहि वाव मिळाला. पुढें २९ ऑक्टोबर १९२१ रोजीं केंटकींतील सेंटर कॉलेज या चिमुकल्या संस्थेनें बलाढ्य हार्वर्डला ६-० असें नमविलें. नियमांनीं खेळ मारला नाहीं. उलट लहानांस थोरांपुढें उभें राहण्यास जागा करून दिली.

आपल्या हुतूतूची कथाहि याहून फारशी निराळी नाहीं. कबड्डी हें नांव सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं महाराष्ट्रांत हा खेळ हुतूतू म्हणूनच ओळखला जाई. बाद झालेला गडी पुन्हा उठावा कीं नाहीं, याविषयींच एकमत नव्हतें. संजीवनींत तो उठे, गामिनींत बाहेरच बसे, अमरांत बाद होऊनहि खेळतच राही. अशा स्थितींत एका गांवचा संघ दुसऱ्या गांवीं गेला, तर खेळापूर्वीं वादच व्हावयाचा! १९२३ मध्यें बडोद्यास अखिल भारतीय स्पर्धा भरल्या, त्या छापील नियमांनुसार. नियम लिहिले गेले, म्हणून परक्या गांवाशीं सामना शक्य झाला.

याच काळांत आमच्या वऱ्हाडानेंहि आपला वांटा उचलला. वैद्य बंधूंनीं अमरावतीस १९१४ मध्यें हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला; तीच संस्था पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आली. या मंडळाच्या पथकानें १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिन येथें देशी व्यायाम व कबड्डी यांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. त्याच ऑलिंपिकमध्यें ध्यानचंदांच्या हॉकी-संघानें अंतिम सामन्यांत जर्मनीस ८-१ असें हरविलें. तो आंकडा शाळकरी मुलांसहि पाठ असतो. अमरावतीच्या पथकाचें स्मरण मात्र थोड्यांनाच. प्रात्यक्षिकास ना विजय, ना पराजय. मग त्याचा आंकडा कोण पाठ करणार?

परंतु केवळ प्रात्यक्षिकानें खेळ रुजत नाहीं. अमेरिकन फुटबॉलहि १९३२ मध्यें लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्यें असाच दाखविला गेला. पुढें त्यास तेथें स्थान मिळालें नाहीं. आपल्या देशांत तो बर्लिनचा प्रसंग विस्मृतींत गेला तरी कबड्डी गेली नाहीं. १९५० मध्यें तिचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्यें बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत भारतानें तिचें पहिलें सुवर्णपदक पटकाविलें. या मधल्या चोपन्न वर्षांत तिला कोणीं जगविलें? काळ्या मातीवर फक्कीच्या रेषा आंखून, गुडघे फोडून घेणाऱ्या गांवोगांवच्या अनाम संघांनीं.

सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेंत पंधरा संघ हरणारच. ते आलेच नाहींत तर सोळाव्यानें जिंकावें कोणाशीं? आमचा संघ त्या पंधरांपैकीं एक आहे. आम्हीं त्या गृहस्थांस इतकेंच सांगितलें कीं, यंदाच्या पराभवाचे गुण, तारीख आणि सातहि खेळाडूंचीं नांवें वहींत नोंदविलीं आहेत. आणि पुढल्या हंगामासाठीं मैदानावर नवी माती टाकावयाची आहे, तिची वर्गणी त्यांनींहि द्यावी.