वृंदावन : दारापुढच्या झुडपाचा इतिहास

दारापुढे थेट जमिनीत नव्हे, तर मुद्दाम बांधलेल्या पात्रात एखादे झुडूप वाढवायचे, ही रीत मराठी घरांना कुंडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. त्या पात्राला आपण वृंदावन म्हणतो. चौकोनी बैठक, दिव्यासाठी एका अंगाला कोनाडा आणि माथ्यावर मातीने भरलेला खळगा, एवढीच त्याची रचना. इतक्या साध्या वस्तूला इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. बखरींत लढाया सापडतात, दप्तरांत वतनांचे तंटे सापडतात. पहाटे तुळशीला पाणी घालणारी बाई मात्र जात्यावरच्या ओव्यांतच भेटते.

या तुळशीची सरकारदरबारी नोंद होते ती तिच्यावर बंदी आल्यावर. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला अल्प खंड वगळता ती १८१२ पर्यंत टिकली. तिने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात स्थानिक ख्रिस्ती समाजाला अनेक जुन्या रूढी निषिद्ध ठरवल्या. घराच्या आवारात तुळस ठेवणे ही त्यांपैकी एक. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या इंग्रजी ग्रंथामुळे हा जाहीरनामा अभ्यासकांपुढे आला.

हा दस्तऐवज दोन प्रकारे वाचता येतो. दडपशाहीचा पुरावा म्हणून तो वाचला जातोच, आणि ते योग्यच आहे. परंतु तो उलट बाजूनेही वाचायला हवा. जी गोष्ट कोणी करतच नाही, तिच्यावर बंदी घालण्याचे कारण नसते. इन्क्विझिशनची स्थापना होऊन पावणेदोनशे वर्षे लोटल्यावरही तुळस उपटण्याचा हुकूम काढावा लागतो, याचा अर्थ धर्म बदललेल्या काही घरांच्या अंगणांत ती तोवर उभी होती. घरातील माणसे चर्चमध्ये जात होती आणि दारातल्या रोपाला पाणीही घालत होती. आपण ज्याला विसंगती म्हणू, ते त्यांचे रोजचे जगणे होते.

याच जाहीरनाम्यात लग्नप्रसंगी ओव्या गाण्यालाही मनाई आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही ओवीतच. ग्रंथातील ओवी आणि बायकांच्या गळ्यातील ओवी यांची जात अगदी एक नाही, हे मान्य. तरीही धर्मोपदेशकाच्या लेखणीत जी पवित्र ठरली, तीच बायकांच्या तोंडी संशयास्पद ठरली. प्रश्न छंदाचा नव्हता. तो कोणाच्या ताब्यात आहे, याचा होता. तुळशीचेही तसेच. तिची पूजा करायला पुरोहित लागत नाही, देऊळ लागत नाही. उंबरठ्याबाहेर दोन पावले टाकली की पुरे. म्हणूनच ती सत्तेला खुपली असावी.

गोव्यातील कित्येक ख्रिस्ती घरांपुढे आज चौथऱ्यावरचा क्रूस दिसतो. त्याची जागा आणि बैठक पाहून वृंदावनाची आठवण होते. तुळस गेली आणि चौथरा उरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. चौथऱ्यावर उघड्यावर क्रूस उभारण्याची प्रथा पोर्तुगालमध्येही आहे. दोन परंपरा एकाच अंगणात भेटल्या असतील, एवढेच जपून म्हणता येते.

आता अंगणे आटली आणि तुळस सदनिकेच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या कुंडीत आली. शेजारी मोगरा असतो, जास्वंद असते. या स्थलांतराचीही नोंद कोणी करत नाही. वर्गात ओवी शिकवताना आपण तिची अक्षरे आणि चरण मोजतो. ती ज्या तुळशीपाशी गायली गेली, त्या तुळशीबद्दलही विद्यार्थ्यांना आपापल्या आज्यांकडे विचारायला सांगावे. उत्तरे देणाऱ्या आज्या अजून आहेत.