वाड्याबाहेरचं बालपण

जुना वाडा म्हटलं की झोपाळा, आंब्याची अढी आठवते ना? पण डहाणू-तलासरीच्या वारली पोरांना सावकाराचा वाडा आठवायचा तो बाहेरून. लग्नासाठी कर्ज काढलं की माणूस व्हायचा 'लग्नगडी'. मग बायको-पोरंही मालकाकडे राबायची. म्हणजे जन्माआधीचं कर्ज पोराच्या डोक्यावर!

२३ मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. सोबत गोदावरी आणि शामराव परुळेकर. ठरलं काय? वेठबिगार बंद, रोजची मजुरी १२ आणे. मग गावोगावी लग्नगडी मोकळे झाले. गोदावरीताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हे लिहिलंय.

वाडा पडला, की आतल्यांच्या आठवणी सगळे जपतात. बाहेर राबलेल्या पोरांच्याही जपायला हव्यात. घरी आजी-आजोबा असतील, तर आजच विचारा.