वाय-फाय सुरक्षा चाचणीसाठी स्वस्त, छोटा लॅपटॉप घेताय? प्रोसेसरआधी वाय-फाय चिप बघा

सायबर सुरक्षा शिकायची ठरलं की अनेक विद्यार्थी आधी महागड्या गेमिंग लॅपटॉपकडे वळतात. वाय-फायची सुरक्षा तपासण्यासाठी त्याची गरज नसते. आठ-दहा वर्षं जुना, १२ इंची लॅपटॉपही हे काम करतो. अडतं ते वाय-फायच्या चिपपाशी.

एरवी लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड फक्त आपल्या नेटवर्कशी बोलतं. चाचणीसाठी मात्र त्याला 'मॉनिटर मोड' लागतो, म्हणजे कुठेही कनेक्ट न होता त्या चॅनलवरची सगळी देवाणघेवाण ऐकण्याची सोय. दुसरी गरज 'पॅकेट इंजेक्शन'ची, म्हणजे स्वतः तयार केलेली पॅकेट्स हवेत सोडता येण्याची. या दोन्ही गोष्टी चिप आणि तिच्या लिनक्स ड्रायव्हरवर ठरतात. रॅम वाढवून त्या मिळत नाहीत.

लॅपटॉप किती ताकदीचा हवा?

काली लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ब्राउझरही उघडा ठेवायचा तर ४ जीबी हवी, ८ जीबी असेल तर उत्तम. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असली की जुन्या मशीनमध्येही जाणवण्याइतका फरक पडतो. पकडलेल्या हँडशेकवरून पासवर्ड शोधणं हे खरं जड काम, पण ती फाइल दुसऱ्या ताकदवान कॉम्प्युटरवर नेता येते.

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या नेटबुकच्या मोहात मात्र पडू नये. त्यातले अनेक ३२-बिट आहेत आणि २०२४च्या अखेरीपासून कालीने ३२-बिट आवृत्त्या देणं बंद केलं आहे.

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप त्यापेक्षा बरे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन असे सेकंडहँड लॅपटॉप मिळतात. लेनोवो थिंकपॅड एक्स२५०, एक्स२६०, एक्स२७० हे १२.५ इंची असून त्यांची रॅम बदलता येते. पुढच्या एक्स२८०मध्ये ती मदरबोर्डलाच जोडलेली असते, त्यामुळे कमी रॅमचा घेतला तर तेवढ्यावरच भागवावं लागतं. पैसे देण्याआधी बायोस उघडून बघावा. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तिथे तसाच असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणंही अवघड होऊ शकतं.

आतलं कार्ड बदलू, असा बेत असेल तर आणखी एक अडचण आहे. थिंकपॅड एक्स२२० आणि एक्स२३०चा मूळ बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो, दुसरं बसवलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. त्यापेक्षा यूएसबी अडॅप्टर सोपा.

अडॅप्टरमधली गफलत

एथेरॉस एआर९२७१ ही चिप जुनी पण भरवशाची. ती अल्फाच्या एडब्ल्यूयूएस०३६एनएचएमध्ये असते. मर्यादा एकच, ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. ५ गिगाहर्ट्झही हवं असेल तर मीडियाटेक एमटी७६१२यू बघावी. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत. रिअलटेक आरटीएल८८१२एयूसाठी मात्र अनेक वर्षं वेगळा ड्रायव्हर घालावा लागायचा आणि कर्नल अपडेट झाला की तो बंद पडण्याची धास्ती असायची.

सगळ्यात जास्त फसगत होते ती टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनमध्ये. जुन्या व्हिडिओंमध्ये हाच घ्या म्हणून सांगितलेलं असतं. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉस चिप होती, दुसऱ्यापासून रिअलटेकची आली. नाव तेच राहिलं. त्यामुळे विक्रेत्याला मॉडेल नव्हे, चिप आणि आवृत्ती विचारावी.

घरात ८ जीबीचा विंडोज लॅपटॉप असेल तर नवा घेण्याचीच गरज नाही. काली पेन ड्राइव्हवरून किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येतं. व्हर्च्युअल मशीनला लॅपटॉपचं आतलं वाय-फाय कार्ड वाय-फाय म्हणून दिसत नाही, म्हणून तिथे यूएसबी अडॅप्टर लागतोच.

सराव कुणाच्या वाय-फायवर?

स्वतःच्या, किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कवरच. शेजाऱ्याच्या राउटरवर 'गंमत' करणंही महागात पडू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६६नुसार अप्रामाणिकपणे केलेल्या अनधिकृत प्रवेशाला ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून घरात पडून असलेला जुना राउटर सरावाला सोयीचा. डब्ल्यूपीए३ असलेल्या नव्या राउटरमध्ये मॅनेजमेंट संदेशांना संरक्षण असतं, त्यामुळे उपकरणांना नेटवर्कवरून तोडण्याचा नेहमीचा प्रयोग तिथे फसतो. नवशिक्याला वाटतं, अडॅप्टरच खराब निघाला. परत करायला जाण्याआधी टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू लिस्ट' ही कमांड चालवावी आणि चालणाऱ्या मोडच्या यादीत 'मॉनिटर' आहे का ते बघावं. मग एअरक्रॅक-एनजीमधल्या एअरप्ले-एनजीची इंजेक्शन चाचणी स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर करावी.