डिस्ट्रिक्ट मॅनेजरची मुलाखत: एका प्रश्नाचा इतिहास

समजा, तुम्ही अमेरिकेत एक दुकान सांभाळता आणि पुढच्या आठवड्यात डिस्ट्रिक्ट मॅनेजर पदासाठी तुमची मुलाखत आहे. आता एकाऐवजी दहा-बारा दुकानं बघायची. कंपनीचे आकडे तुम्ही पाठ केलेत. पण समोरची व्यक्ती बहुतेक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारणार: 'अशी वेळ आली होती तेव्हा तुम्ही काय केलंत, ते सांगा.' हा प्रश्न आला कुठून, हे कळलं की तयारी कशाची करायची तेही कळतं.

सुरुवात रेल्वेपासून करू. १८५१ मध्ये न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वे हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत पोहोचली. अंतर जवळपास ४५० मैल. १८५४ मध्ये डॅनियल मॅकॅलम तिचे जनरल सुपरिंटेंडेंट झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: पन्नास मैलांच्या रेल्वेवर प्रमुख स्वतः सगळीकडे लक्ष ठेवू शकतो, पाचशे मैलांच्या रेल्वेवर ते जमत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक विभागप्रमुखाचे अधिकार आणि जबाबदारी ठरवून दिली. गाड्या कुठे आहेत याची खबर तारेने तासातासाला येऊ लागली. आजचा डिस्ट्रिक्ट मॅनेजर याच विभागप्रमुखाच्या वंशातला. जिथे आपण हजर नाही तिथलं काम नीट चालवणं, ही त्याची खरी नोकरी.

पण नुसत्या अहवालांनी माणसं चालत नाहीत. मॅकॅलमच्या कडक नियमांविरुद्ध इंजिनचालकांनी १८५४ आणि १८५६ मध्ये संप केले आणि १८५७ मध्ये मॅकॅलमना पद सोडावं लागलं.

आता प्रश्न असा, की या कामासाठी माणूस निवडायचा कसा? 'हुशार', 'कष्टाळू', 'नेतृत्वगुण आहेत' ही विशेषणं किती पोकळ असतात, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. वैमानिकाच्या प्रशिक्षणातून वगळलेल्या एक हजार उमेदवारांच्या नोंदी अमेरिकी लष्कराच्या मानसशास्त्रज्ञांनी तपासल्या, तर कारणं सापडली 'निर्णयक्षमता कमी', 'प्रगती अपुरी' अशी. त्यातून काहीच कळेना. मग जॉन फ्लॅनागन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करायला सुरुवात केली: कोणी, केव्हा, काय केलं? १९५४ मध्ये फ्लॅनागननी ही पद्धत सविस्तर मांडली. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत हाच विचार नोकरीच्या मुलाखतीत रुजला.

कायद्याचाही रेटा होता. टेक्सासमधल्या एका बँकेत क्लॅरा वॉटसन या कृष्णवर्णीय कर्मचारी होत्या. सुपरवायझरच्या चार जागांसाठी त्यांनी प्रयत्न केले, चारही वेळा गोऱ्या व्यक्तीची निवड झाली. बँकेकडे निवडीचे ठरलेले निकषच नव्हते. सगळं वरिष्ठांच्या मतावर. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा मतावर चालणाऱ्या बढत्यासुद्धा भेदभावाच्या कायद्याखाली, त्यांच्या परिणामांवरून तपासता येतील. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवण्याला त्यामुळे आणखी वजन आलं.

म्हणजे तुमच्या हातात कागद हवा तो प्रसंगांचा. दोन तरी नक्की लिहून काढा. पहिला: तुम्ही दुकानात नव्हतात, तरी काहीतरी बिघडतंय हे कशावरून ओळखलंत आणि कोणामार्फत दुरुस्त केलंत? दुसरा: तुमचा नियम हाताखालच्या माणसांना पटला नाही, तेव्हा पुढे काय झालं? मॅकॅलम या दुसऱ्या प्रश्नावर अडकले होते, हे विसरू नका.

आणि एक आपल्या घरची अडचण. आपल्याकडे स्वतःची फुशारकी मारणं वाईट दिसतं, म्हणून तोंडात आपसूक येतं 'आम्ही केलं'. समोरचा माणूस तिथे पेन थांबवतो, कारण 'आम्ही'मधलं तुमचं किती, हे त्याला कळत नाही. सहकाऱ्यांचं श्रेय त्यांना जरूर द्या. पण फोन तुम्ही केला असेल, तर 'मी केला' असंच सांगा. ती बढाई नाही, नोंद आहे.